जाहिरातीने क्रमांक वर येत नाही

गूगलवरच्या जाहिराती आणि एसइओ (पैसे न देता सर्चमध्ये वर यावं म्हणून वेबसाइट सुधारणं) यांवरच्या लेखातलं 'जाहिरात सुरू ठेवली की सर्चमधला नैसर्गिक (म्हणजे पैसे न देता मिळणारा) क्रमांकही सुधारतो' हे विधान पटलं नाही. जाहिरातीच्या पैशांचा त्या क्रमांकाशी संबंध नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. (एजन्सीवाले दोन्ही एकाच पॅकेजमध्ये विकतात, ते वेगळं!)

निगेटिव्ह कीवर्डबद्दल (जे शब्द शोधणाऱ्यांना आपली जाहिरात दिसू नये, असे शब्द) मात्र लेखात एक ओळही नाही, याचं नवल वाटलं. देवगड हापूस घरपोच विकणाऱ्याने 'हापूस आंबा' हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (म्हणजे संबंधित शोधांनाही जाहिरात दिसेल अशा सेटिंगवर) टाकला, तर 'हापूस कलम लागवड', 'आंब्यावर तुडतुडे फवारणी' शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसू शकते. त्यांनी क्लिक केलं की पैसे गेलेच, पेटी मात्र कोणी घेणार नाही. कलम, लागवड, फवारणी, रेसिपी हे शब्द आधीच वगळायला हवेत.

शिवाय हापूसचा मुख्य हंगाम एप्रिल-मेचा. एसइओचा परिणाम दिसायला काही महिने सहज जातात, त्यामुळे मार्चमध्ये नवी वेबसाइट काढणाऱ्याला त्या वर्षी जाहिरातच करावी लागणार. वेबसाइटची पानं लिहायचं काम पावसाळ्यात काढावं. लोक नेमकं काय टाइप करून आपल्याकडे आले ते गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात फुकट दिसतं, तेही मागच्या १६ महिन्यांचं, म्हणजे गेला अख्खा हंगाम त्यात सापडतो.