कानाखाली मारून भाषा टिकत नाही

आम्ही अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहतो. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि गोरे शेतकरी, असंच आपल्याकडे वाटतं. पण याच गावात अरब स्थलांतरितांनी 1934 साली बांधलेली मशीद आहे आणि चेक लोकांची स्वतंत्र दफनभूमीही आहे. तिथे जुन्या दगडांवर ‘नारोझेन’, म्हणजे जन्म, असं कोरलंय. दोन रांगा पुढे त्याच आडनावाच्या दगडावर ‘बॉर्न’. दर वेळी माझे पाय तिथे थबकतात.

पहिल्या महायुद्धात, 23 मे 1918 रोजी, इथले गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं: शाळेत, रेल्वेत, फोनवर, चर्चमध्ये फक्त इंग्रजी बोलायचं. ज्यांना ती येत नाही त्यांनी घरातच प्रार्थना करावी! रोख जर्मन लोकांवर होता, पण नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळेच भरडले गेले. स्कॉट काउंटीत फोनवर जर्मन बोलणाऱ्या बायकांना दंड भरावा लागला. डिसेंबरात फर्मान मागे घेतलं, तरी बसलेली दहशत गेली नाही.

2025 साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी आणायचं ठरलं तेव्हा मी कडाडून विरोध केला. जूनअखेर शासनाने माघार घेतली, मला मनापासून आनंद झाला. त्याच सुमारास मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराच्या कानाखाली मारल्याचा व्हिडिओ आमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर आला. खाली टाळ्यांचा पाऊस. मला ते सहन झालं नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, यावर मी ठाम आहे. पण हिंदीची सक्ती नको म्हणणाऱ्यांनी हात उगारावा?

इथून तासाभरावर टामा काउंटीत मेस्क्वाकी ही अमेरिकेतली मूळनिवासी जमात राहते. सरकारने हुसकावलेली ही माणसं परत आली आणि 1857 साली हजार डॉलर मोजून त्यांनी 80 एकर जमीन विकत घेतली. आज तिथे त्यांची स्वतःची शाळा आहे, पोरांना तिथे आपली भाषा शिकवतात. भाषेसाठी लढणं मी याला म्हणते.

माझ्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा पट घटला म्हणून बंद झाली, तेव्हा त्याच ग्रुपवर एक ओळसुद्धा आली नव्हती.