कूलर लावू का जी?

चांदीचा डाख द्यायचा, म्हणजे चांदीमिश्रित तार वितळवून पितळेचे भाग जोडायचे, तर कूलर बंद. मे महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यात. फ्लक्सचा, म्हणजे डाख नीट वाहावा म्हणून सांध्याला लावायच्या लेपाचा, धूर नाकात जायला नको म्हणून खिडकी उघडी हवी, पण वारा नको. बारक्या गॅस-टॉर्चची ज्योत हलली की पातळ पितळ तापतच नाही.

काम शकुंतला या आमच्याकडच्या नॅरोगेज रेल्वेगाडीच्या वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचं. शिडीच्या पायऱ्या. सांधा घासून लख्ख, फट ०.१ मिमीच्या आत, फ्लक्स लावलेला, ५५ टक्के चांदीच्या तारेचे मिलिमीटरभर तुकडे टेकवलेले. इतक्यात काकाजी आले.

"काय करून राह्यले जी?"

"डाख देतो, काकाजी."

"मंग कथलाचा द्या ना. रेडिओवाला फटकन लावे."

शिसं-कथलाचा डाख १८३ अंशांनाच पाणी होतो. एक पायरी जोडताना खालची गळून पडते. म्हणून चांदीचा आधी, ६३० ते ६६० अंशांवर, आणि कथलाचा नंतर. उलटं केलं तर राहिलेलं शिसं तापून पितळ खातं. काकाजींनी सगळं मान डोलावत ऐकलं.

"चांदी किती लागते?"

"अर्धा ग्रॅमही नाही."

"तरी. घरी जोडवी काऊन नाई केली?"

तेवढ्यात फ्लक्स पांढरा फुगून बसला आणि वितळून पारदर्शक झाला. आता ज्योत डाखावर धरायची नसते, धातूवर धरायची. डाख उष्णतेकडे धावतो. दांडा गरम आणि पायरी थंड असली तर सगळा दांड्यावर चढतो. दोन्ही सारखे तापले की चकाकी सर्रकन सांध्यात शिरते. ती शिरणारच होती.

"घामाघूम झाले जी तुमी," म्हणत काकाजींनी कूलरचं बटन दाबलं.

ज्योत आडवी, पितळ काळं, डाखाच्या गोळ्या घरंगळून फरशीवर. आता नुसतं पुन्हा तापवून भागत नाही. फ्लक्स संपलेला असतो, आणि रेटत बसलं तर डाखातलं जस्त उडून सांध्याला बारीक भोकं पडतात. सगळं गरम लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका, घासा, पहिल्यापासून लागा. चांदीचा भाव विचारू नका. काकाजी मात्र कूलरपुढे पाय पसरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी काकाजी जर्मनचा गळका गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, घेऊन हजर.

"याले लावा डाख."

"ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, काकाजी. डाख वाहीपर्यंत गंजच खाली येईल."

"म्हंजे इंजिन जमते तुमाले, गंज नाई जमत."