नवतप्यातलं सलाद

नवतपा लागला त्याच सकाळी बायकोनं गॅसचा लायटर माझ्यापुढे ठेवला. राजीनामा ठेवतात तसा. "अहो, आज मी ओट्यापाशी उभी राहणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा," म्हणाली आणि कूलरसमोरची जागा धरली.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नवतपा सुरू होतो, साधारण २५ मेला, आणि नऊ दिवस चालतो. नागपूरचा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ चा. २०२४ च्या मेअखेर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ दाखवले आणि देशभर बोंब झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. आमच्या गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. बिचारं उन्हात उभं होतं, डोकं फिरणारच.

माझंही फिरलं असावं. कारण मी म्हणालो, "आज सलाद! गॅस लागतच नाही." एका व्हिडिओत पाहिलं होतं: टरबुजाच्या फोडी, संत्र्याच्या फाका, लेट्यूस, पुदिना आणि वरून फेटा चीज. वेळ दहा मिनिटं.

"फेटा लग्नात बांधतात रे बाबू," आई म्हणाली, "खातात कवापासून?"

डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून साडेनऊला निघालो. कांद्यानं ऊन लागत नाही असं आई म्हणते. कांदा काही करत नाही हे मला ठाऊक आहे, पण आईचा शब्द मोडून बाहेर पडायची हिंमत या वयातही नाही. निघताना दुधाची पिशवी ओट्यावर राहिली. तिचं पुढे सांगतो.

गोकुळपेठच्या बाजारात भाजीवालीला लेट्यूस विचारलं.

"थे तं हिवाळ्यात येते भाऊ. या उन्हात माणूस तग धरत नाही, पान काय धरन?"

बाईचं खरं होतं. लेट्यूसला ऊन लागलं की ते ताडकन उंच होतं, फुलावर येतं आणि पानं कडू होतात.

"मंग पत्ताकोबी घ्या ना. बहीणच हाये तिची."

बहीण नाही. लेट्यूस सूर्यफुलाच्या कुळातलं. पण पंचेचाळीस अंशांत कुणाची कुळं काढू नयेत. "नाही तं चिवळ न्या," म्हणत तिनं ओल्या पोत्याखालून एक जुडी काढली. चिवळ! बारीक, गुबगुबीत, आंबूस पानांची, जिची लहानपणापासून उन्हाळाभर डाळ घालून भाजी खातोय. हिची थोरली बहीण घोळ, ती ग्रीक लोक फेटा चीजसोबत सलादमध्ये कच्ची खातात. म्हणजे बहीण निघाली खरी, पण भलत्याच घरची. दोन जुड्या घेतल्या.

संत्र्यांचं विचारलं तेव्हा शेजारचा फळवाला नुसता हसला. संत्र्याचे बहार दोन: आंबियाची संत्री हिवाळ्यात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चपर्यंत. मेअखेर या गावात संत्रं उरतं ते पाट्यांवर आणि बर्फीच्या डब्यांवर. एक टरबूज घेतलं. ते सहा किलोचं निघालं आणि स्कूटरवर माझ्या मांडीत बसून घरी आलं.

धरमपेठेत एका दुकानात फेटा सापडला. डबीवरची किंमत वाचली आणि डबी होती तिथेच ठेवून दिली. तेवढ्याच निमित्तानं फ्रीजमध्ये दोन मिनिटं हात घालायला मिळाला. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा. फार तर थोडं बकरीचं दूध चालतं. मिठाच्या पाण्यात तो महिनोन्‌महिने मुरतो. युरोपात २००२ पासून हे नाव फक्त ग्रीसच्या चीजला लावता येतं.

साडेअकराला घरी आलो तर ओट्यावर ती पिशवी. दोन तास! वाचवायचं म्हणून दूध तापत ठेवलं. म्हणजे गॅस पेटवला. पहिल्यांदा. उकळी येताच दूध फाटलं. मी हळहळत होतो तेवढ्यात आईनं पातेल्यात डोकावून लिंबू पिळलं आणि आत जाऊन एक मलमलचा तुकडा आणला. बाबांच्या लग्नातल्या फेट्याचा.

"घे. गाळ."

गाळलं, पिळलं, वर वरवंटा ठेवला. ग्रीसचा फेटा महिने घेतो, आमचा तासाभरात तयार. आणि तो फेट्यातूनच निघालेला. युरोपनं हरकत घ्यावी.

स्वयंपाकघरात उभं राहवेना म्हणून चिरायला कूलरसमोर बसलो. तिथे बायको आधीच होती. तिनं पाय दोन इंच सरकवले. टरबुजाच्या फोडी झाल्या, चिवळ निवडून झाली (एक जुडी निवडायला पाऊण तास लागतो, व्हिडिओवाल्याच्या दहा मिनिटांत त्यानं बहुधा नुसतं पाकीट फोडलं असेल), आणि पुदिना खुडायला घेतला तेव्हा वारा नेमका इकडे वळला. दोन पानं बायकोच्या केसांत गेली, एक पान आजोबांच्या फोटोला चिकटलं. खिशातला कांदाही चिरला. त्याची ड्यूटी संपली होती.

मग एक चूक केली. मीठ आधीच घातलं. टरबुजात शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणी, आणि मीठ ते बाहेर ओढतं. आंघोळ करून आलो तर परातीत गुलाबी तळं, आणि त्यात पनीर तरंगतंय.

आईनं चमचाभर पाणी चाखलं. "चांगलं हाये. जिऱ्याची फोडणी दे, सार होईन."

गॅस दुसऱ्यांदा पेटला. मग सार भातावर घ्यायचं म्हणून रात्रीचा भात परतायला तिसऱ्यांदा.

अडीच वाजता बायको पाण्याला म्हणून उठली, माठाकडे जाता जाता थबकली आणि शेगडीवर बोट टेकवलं.

"हे गरम कसं?"

"ऊन," मी म्हणालो.