जुन्या गाडीचं स्टिअरिंग सैलच असतं? अजिबात नाही

गेला महिनाभर जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या आमच्या मंडळींत एक मजकूर फोनवरून फिरतोय. कराडहून आला, वाईहून आला, काल तर शेजारच्या पेठेतून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुन्या स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग चार बोटं सैल असणारच, नियमातही 30 अंशांची मुभा आहे. फारच खटकलं तर रॅकचं (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचं) टोपण आवळा, सगळीकडे ग्रीस भरा, बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारे जोड) ठोकून किंवा वेल्डिंग मारून घट्ट करा आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या. नवे पार्ट आणणं म्हणजे पैशाचा चुराडा.

यातली दोन कामं मी स्वतः माझ्या ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर केलेली आहेत. म्हणूनच हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 30 अंशांचं बघू. आकडा खरा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 98 व्या नियमात तो आहे. पण 15 इंच व्यासाच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळजवळ 10 सेंटिमीटर. ही ट्रकपासून मोटारीपर्यंत सगळ्यांना लावलेली शेवटची हद्द आहे, तब्येत ठीक असल्याची खूण नव्हे. स्पिटफायरला रॅक आणि पिनियन आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, थेट रॅक सरकवतं, मधे लिव्हरांची लांब साखळी नाही. त्यामुळे खेळ, म्हणजे चाकं न वळता स्टिअरिंगचं नुसतं हलणं, निर्माण व्हायला जागाच कमी. ही गाडी ज्या देशात बनली, त्या ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत 380 मिलिमीटरच्या स्टिअरिंगला, रॅक असेल तर, फक्त 13 मिलिमीटर खेळ चालतो. रॅकऐवजी स्टिअरिंग बॉक्स असलेल्या गाड्यांना 75 मिलिमीटर. हा फरक त्या मजकुरात कुठेच नाही. आणि आपल्याच नियम 98 चा पुढचा भागही गाळलाय: सगळे बॉल जॉइंट रबरी टोप्यांनी झाकलेले हवेत, बोल्ट आणि पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. नियमाचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यावा.

आता टोपण आवळण्याबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात फसवा सल्ला हाच आहे. तो केल्याबरोबर गुण येतो.

गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रॅकचे मधले दात सर्वांत जास्त झिजतात आणि टोकाकडचे जवळजवळ कोरे राहतात. टोपणाखाली स्प्रिंग आणि दट्ट्या असतो, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो. टोपणाखालची एखादी शिम (पातळ चकती) काढून आवळलं की मधल्या झिजलेल्या दातांचा खेळ जातो. मीही तेच केलं. पुणे-सातारा हायवेवर गाडी सुतासारखी सरळ धावली, मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी कासला जायला निघालो. यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि ते तिथेच धरून राहिलं. वळण संपलं की चाक आपोआप सरळ व्हायला हवं. ते झालं नाही, दोन्ही हातांनी ओढून आणावं लागलं. समोरून एसटी येत होती. शेजारी बाबा बसले होते, ते काही बोलले नाहीत, पण परत येईपर्यंत त्यांनी दाराची मूठ सोडली नाही. मधल्या झिजेच्या मापाने आवळलेली रॅक टोकाच्या कोऱ्या दातांवर अडकते, हे मला तेव्हा कळलं.

मग शिम परत बसवली आणि मेस्त्रींनी सांगितलं तसं शोधलं. गाडी जमिनीवरच, चाकांवर वजन असू द्यायचं. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर हात ठेवत जायचं. जिथे खटका हाताला लागतो, तिथे झीज. माझ्या गाडीत तो लागला रॅकच्याच बुडाशी! ही रॅक चेसिसवर यू-क्लॅम्प आणि रबरांवर बसवलेली असते. इंजिनचं तेल वर्षानुवर्षं गळून ती रबरं भिजून मऊ पडली होती आणि अख्खी रॅक इकडून तिकडे सरकत होती. दातांची झीज होतीच, पण खेळाचा मोठा वाटा त्या दोन रबरांचा होता. ती बदलायला फार मोठा खर्चही येत नाही.

ग्रीस भरण्याचा सल्ला या गाडीला तर धोकादायकच आहे. पुढच्या चाकामागे खाली ट्रनियन नावाचा जोड असतो, पितळी. चाक धरणाऱ्या पोलादी उभ्या लिंकचे आटे त्यात फिरतात, एका बाजूला उजवे आणि दुसऱ्या बाजूला डावे. उत्पादकाने इथे घट्ट गिअर ऑइल सांगितलंय, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांत नीट उतरत नाही, पाणी मात्र उतरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात, कासच्या धुक्यात, ते आत राहिलं की लिंक गंजते आणि एक दिवस आट्यांपाशी तुटते. तुटली की चाक गाडीखाली आडवं होतं. बाहेरून सगळं छान चोपडलेलं दिसत असताना हे घडतं, ही त्यातली वाईट गोष्ट. मी पावसाळ्याआधी आणि नंतर ऑइल भरतो, खालून ताजं ऑइल पाझरेपर्यंत. रॅकला मात्र ग्रीस लागतं, पण अगदी थोडं. ग्रीस गनने कोंबलं तर रॅकच्या टोकांवरची रबरी आवरणं फाटतात आणि धूळ आत जाते.

ठोकणं आणि वेल्डिंग यावर फार बोलायची गरज नाही. बॉल जॉइंटचा गोळा झिजून लंबगोल झालेला असतो. वरून ठोकल्यावर तो एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल, असा फिरतो. वेल्डिंगच्या आंचेने आतलं ग्रीस जळतं आणि पिनेच्या पोलादाचा कडकपणा बिघडतो. कोडोलीच्या एमआयडीसीत लेथवर नायलॉनचा बुश सुरेख करून मिळतो, स्टिअरिंगच्या दांड्याला तो जरूर करून घ्या. टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट, मात्र नवाच घ्यावा, सोबत नटही नवा.

अलाइनमेंट सगळ्यांत शेवटी येते, हे तेवढं त्या मजकुरात बरोबर आहे. पण सैल जोडांवर घेतलेलं माप गाडी दहा फूट ढकलली तरी बदलतं, म्हणून आधी जोड.

आणि पैशांचा चुराडा? स्पिटफायर 1962 साली आली ती ट्रायम्फच्याच हेराल्ड या मोटारीच्या चेसिसवर बेतून. तीच हेराल्ड 1961 पासून मद्रासला बनत होती, त्यामुळे पुढच्या चाकांची रचना ओळखणारे हात आपल्याकडे अजून आहेत. नवे पार्ट ब्रिटनमध्ये आजही तयार होतात. मी दोन टाय रॉड एंड, ट्रनियनची जोडी आणि रॅकची रबरं एकाच पार्सलमध्ये मागवली. झिजलेली रॅक अजून तीच आहे, मधे थोडासा खेळ आहे, पुढच्या वर्षी बदलेन. तोवर घाटातलं प्रत्येक वळण संपलं की स्टिअरिंग माझ्या तळव्यांतून आपणहून सरळ होतं. बाबाही परत शेजारी बसायला लागलेत.