कार्नफर्थचा चहा आणि जयप्रभाचं गेट

कोल्हापूरच्या मामांना गेल्या रविवारी इंग्लंडमधल्या कार्नफर्थ स्टेशनातल्या, एका जुन्या सिनेमात दिसलेल्या टांगत्या घड्याळाचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं : "बघ, तिकडं साधं स्टेशनबी जपत्यात. आन् आमचा जयप्रभा बघ."

मामांचा राग जुना आहे. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा हा चित्रपट स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत जळला, भालजींनी पुन्हा उभा केला, पुढे लतादीदींकडे गेला. त्याची विक्री झाल्याची बातमी २०२२ च्या फेब्रुवारीत, दीदी गेल्या त्याच महिन्यात, बाहेर आली आणि कलावंत गेटवर आंदोलनाला बसले. तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर विषय निघाला की "इंग्रज बघा" हे वाक्य ठरलेलं. त्याची साक्ष मी द्यायची, कारण मी लँकेस्टरला राहतो आणि कार्नफर्थ इथून पुढचंच स्टेशन.

पण साक्ष द्यायची तर पुरती द्यावी.

डेव्हिड लीनच्या 'ब्रीफ एन्काउंटर' या सिनेमाचं रात्रीचं चित्रण १९४५ च्या फेब्रुवारीत इथे झालं. युद्ध संपलं नव्हतं. दक्षिणेत रात्री दिवे लावायची सोय नव्हती, म्हणून एवढ्या उत्तरेला येणं भाग पडलं. गोष्ट इवलीशी. चार भिंतींत सुखी असलेल्या लॉराच्या डोळ्यात स्टेशनावर कचरा जातो, एक डॉक्टर तो काढतो, आणि मग दर गुरुवारी दोघं भेटू लागतात. सीलिया जॉन्सन या बाईंनी लॉरा नुसत्या डोळ्यांनी उभी केलीय. ट्रेव्हर हॉवर्ड तेव्हा पडद्यावर जवळजवळ नवखा होता. मला मात्र सगळ्यात आवडतो तो सिरिल रेमंडचा नवरा, शब्दकोडं सोडवत बसलेला. त्याला किती कळलंय हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. आणि एव्हर्ली ग्रेगची ती बडबडी ओळखीची बाई! दोघांच्या शेवटच्या निरोपाच्या वेळी नेमकी टेबलाशी येऊन बसते. जाताना डॉक्टरला लॉराच्या खांद्यावर फक्त हात ठेवता येतो. अशा काकू आपल्या प्रत्येक वाड्यात होत्या.

(१९४६ साली कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांत वाटलं गेलं. त्यात हा होता, आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही. इथल्या मित्रांना हे सांगायची संधी मी सोडत नाही.)

आता जपण्याबद्दल. या स्टेशनाचे मुख्य मार्गावरचे फलाट १९७० मध्ये काढून टाकले. लंडन–ग्लासगो गाड्या आजही न थांबता धडधडत जातात. इमारतींची रया गेली होती. ती सावरली गावातल्या हौशी माणसांनी वर्षानुवर्षं खटपट करून, आणि २००३ मध्ये तिथे वारसा केंद्र उघडलं. आणखी एक गंमत : सिनेमातली चहाची खोली मुळात इथे नव्हतीच. तो सेट होता, लंडनजवळच्या डेनहॅम स्टुडिओत. तो स्टुडिओ इंग्रजांनी सरळ पाडला. म्हणजे मी ज्या खोलीत चहा पितो ती नकलेची नक्कल, आणि अस्सल जागा जमीनदोस्त. मामा, इंग्रजांचा जयप्रभा गेला.

मग गर्दी कशाला होते? केंद्रात छोटं थिएटर आहे, तिथे हा सिनेमा दिवसभर चालू असतो. माणसं चहा घेतात, आत जाऊन बसतात, बाहेर येऊन घड्याळाखाली उभी राहतात. सिनेमा डोळ्यासमोर आहे म्हणून जागेला किंमत आहे. आपल्याकडे भांडण जागेचं : सातबारा, वारसा यादी, बिल्डर. ते भांडण खोटं नाही, गेट वाचायलाच हवं. पण आत भालजी दाखवणार कुठे, कोणत्या प्रिंटवर, कोणाला, हे विचारणारा आवाज मला तरी आंदोलनात फारसा ऐकू आला नाही.

एवढं सगळं मामांना लिहून पाठवलं. सकाळी उत्तर होतं : "बरं. भालजींचा 'साधी माणसं' तू कवा बघितलास?"

एकदाच. गणपतीत, शाळेच्या मैदानावर. पुढे जागा मिळाली नाही म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागून बघत होतो. 'ऐरणीच्या देवा' लागलं तेव्हा भात्याशेजारचा लोहार डावखुरा दिसत होता.