रगडून गाठ विरघळत नाही

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: रोज तेलाने रगडून मालिश करा, अंगातलं विष निघेल, शुगर-बीपीच्या गोळ्या सुटतील, पायातल्या गाठी विरघळतील, आणि जितकं दुखेल तितका गुण.

मालिशीशी माझं भांडण नाही. मांडीवर सूप, मान खाली, अशी दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईचे खांदे रात्री कुणी दाबून दिले की तिला मोकळं वाटतं, झोपही लागते. कंबरदुखीतही काही काळ आराम पडतो. खरं आहे ते एवढंच.

‘विष’ म्हणजे नेमकं काय, हे मेसेजवाल्याने सांगितलेलं नाही. रक्त साफ ठेवण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मूत्रपिंडांत दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यात तेलाचा काही हात नाही, मग ते करडईचं असो की तिळाचं.

बीपी मालिशीनंतर थोडा वेळ उतरतो, पुन्हा चढतो. त्या जोरावर गोळी बंद करू नये. जुन्या शुगरवाल्यांपैकी अनेकांच्या तर पायाची जाणीवच कमी झालेली असते. तेल किती गरम आहे हेच कळत नाही, तिथे दुखण्यावरून गुण कसला मोजणार?

सगळ्यात घातक दावा गाठींचा. मागावर पाळीभर उभं राहून पोटरीवरच्या शिरा फुगतात, त्या दिसतात तरी. आतल्या शिरेत रक्त गोठून गाठ झाली तर ती दिसत नाही. बहुतेक वेळा एकच पाय सुजतो, पोटरी ठणकते, गरम लागते. ऑपरेशन, प्लास्टर किंवा बाळंतपणानंतर हा धोका वाढतो. ‘नस चढली’ म्हणून असा पाय रगडला तर गाठ सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते. माणूस दगावतो त्यात. निदान डॉप्लर सोनोग्राफीने होतं आणि उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर वाट न बघता १०८ ला फोन करावा.

घरी बाळंतिणीला चोळायला येणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवा: एकच पाय सुजलेला दिसला तर त्याला तेल लावायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं.