साठ ओहम दिसले म्हणजे नेटवर्क ठीक, असे नसते

ट्रक आणि बसच्या वायरिंगचे काम करणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो. त्याचा आशय असा, की जे१९३९ नेटवर्कच्या (गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणे ज्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात त्या जोडणीच्या) दोन टोकांना १२० ओहमचे जे टर्मिनेटिंग रेझिस्टर असतात त्यांपैकी एक राखीव आहे, कारण तो काढला तरी गाडी चालते. खरे महत्त्व समांतर जोडलेल्या या दोघांच्या एकूण ६० ओहमला असल्यामुळे तेवढ्या किमतीचा एकच रेझिस्टर कुठेही बसवावा. नवे उपकरण जोडताना आणखी एक रेझिस्टर घातला तर सिग्नल बळकट होतो. आणि डायग्नोस्टिक सॉकेटवर मल्टिमीटरने ६० ओहम दाखवले की नेटवर्क निर्दोष समजावे. यांतली पहिली तीन विधाने चूक आहेत. चौथे अर्धे खरे आहे, आणि अधिक घोटाळा त्यानेच होतो.

एक रेझिस्टर काढूनही गाडी चालते हे निरीक्षण खोटे नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. २५० किलोबिट वेगाला एक बिट ४ मायक्रोसेकंद टिकतो. केबलमध्ये सिग्नल मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद घेतो, म्हणजे ४० मीटरच्या मुख्य लाइनवर एक फेरी जाऊन-येऊन सुमारे ४०० नॅनोसेकंदांची होते. रेझिस्टर नसलेल्या उघड्या टोकावरून लाट पूर्ण परत फिरते, परंतु ईसीयू (नेटवर्कला जोडलेले नियंत्रक उपकरण) बिटची किंमत त्याच्या उत्तरार्धात वाचत असल्याने तोपर्यंत हेलकावे बहुधा विरलेले असतात. गाडी चालते ती या शिलकीवर. ५०० किलोबिटच्या नेटवर्कमध्ये बिट निम्मा, म्हणून शिलकही निम्मी होते. त्यात लांब फाटे (मुख्य लाइनपासून उपकरणापर्यंत जाणाऱ्या तारा) आणि गंजलेले कनेक्टर यांची भर पडली की ती कधी संपेल हे सांगता येत नाही. शिवाय कॅनमध्ये, म्हणजे जे१९३९ ज्या संदेशपद्धतीवर चालते तिच्यात, ‘डॉमिनंट’ बिट ट्रान्समीटर जोर लावून घडवतो, तर ‘रिसेसिव्ह’ बिटाच्या वेळी तो फक्त हात काढून घेतो. त्यानंतर दोन तारांमधला साठलेला विद्युतभार मुख्यतः या रेझिस्टरमधूनच निघून जातो आणि तारा पुन्हा सारख्या व्होल्टेजवर येतात. हे रोजचे काम करणाऱ्या भागाला राखीव म्हणणे योग्य नव्हे.

‘एकच ६० ओहम कुठेही’ म्हणणाऱ्याने ओहमचा नियम बरोबर लावला आहे, मात्र तो स्थिर प्रवाहापुरता. पिळलेल्या जोडतारेचा स्वतःचा इम्पिडन्स (धावत्या लाटेला जाणवणारा रोध) सुमारे १२० ओहम असतो आणि टोकाला नेमका तेवढाच रेझिस्टर ठेवल्याने तिथे पोहोचलेली लाट शोषली जाते. लाइनच्या मधोमध ६० ओहम ठेवला, तर येणाऱ्या लाटेला तो ६० आणि त्यापुढची १२० ओहमची केबल समांतर, म्हणजे ४० ओहम भासतात. त्यामुळे लाटेचा निम्मा भाग उलट दिशेच्या व्होल्टेजने तिथूनच परततो, आणि जो पुढे जातो त्याला दोन्हीकडे उघडी टोके भेटतात. मल्टिमीटरला दोन्ही रचना सारख्याच दिसतात, कारण तो स्थिर प्रवाहावर मोजतो.

तिसऱ्या रेझिस्टरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एकूण रोध ४० ओहमवर येतो, सुमारे ६० ओहमच्या भारासाठी बनवलेल्या ट्रान्समीटरवर ओझे वाढते आणि दोन तारांमधला फरक वाढण्याऐवजी कमी होतो. काही उपकरणांच्या आतच रेझिस्टर असतो, त्यामुळे ती फाट्यावर जोडण्याआधी तो बंद आहे ना हे पाहावे. फाट्याला टर्मिनेशन नसतेच. म्हणून तर त्याची लांबी मर्यादित ठेवतात, जे१९३९/११ नुसार १ मीटर.

आता चौथे विधान. ट्रकच्या मागच्या बाजूला एखादे जोडसाहित्य बसवताना, मुख्य लाइनच्या टोकाचा रेझिस्टर जागच्या जागी ठेवून त्याच्या अलीकडून पाच-सहा मीटर वायर ओढली जाते. मीटर ६० ओहम दाखवतो, कारण दोन्ही रेझिस्टर शाबूत आहेत. पण लाइनचे खरे टोक आता मागे सरकले असून ते उघडे आहे. परिणामी त्या जोडसाहित्याचे संदेश अधूनमधून गळतात, एसपीएन ६३९ चा, म्हणजे जे१९३९ नेटवर्कच्या बिघाडाचा, कोड येतो-जातो, आणि निर्दोष ईसीयू बदलला जातो. उपाय सोपा आहे: जुन्या टोकाचा रेझिस्टर काढावा, वाढीव केबल त्याच कनेक्टरला जोडावी आणि तो रेझिस्टर नव्या टोकाला बसवावा.

नेटवर्कच्या कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांपैकी कॅन-हायची पिवळी तार चासीला घासून शॉर्ट झाली तरीही दोन तारांमध्ये ६० ओहमच दिसतात. म्हणून नऊ पिनांच्या सॉकेटवर सी (कॅन-हाय) आणि डी (कॅन-लो) या पिनांमधील मोजमापानंतर सी ते ए आणि डी ते ए, म्हणजे प्रत्येक तार ते ग्राउंड, असेही मोजणे आवश्यक आहे. हे सर्व बॅटरी सोडवूनच करावे. ईसीयू जागे असताना घेतलेल्या ओहमच्या आकड्याला अर्थ नसतो.

रीडिंग निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. सुमारे १२० ओहम आले तर एक रेझिस्टर गेला आहे किंवा मुख्य लाइन तुटली आहे, ४० आले तर एक जास्त आहे, शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि काहीच आले नाही तर सॉकेटचा फाटाच तुटलेला असण्याची शक्यता मोठी. ६० आले, तर बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून दोन्ही तारांचे ग्राउंडपासूनचे व्होल्टेज पाहावे: कॅन-हाय २.५ व्होल्टच्या थोडे वर, कॅन-लो थोडे खाली, आणि बेरीज ५ च्या आसपास. तेही जुळले आणि तरी संदेश गळत असतील, तर मीटर बाजूला ठेवून हार्नेसच्या दोन्ही टोकांपर्यंत हाताने तपासत जावे आणि रेझिस्टर खरोखर टोकालाच आहेत का ते पाहावे.